चिटणिसांच्या पेट्यांस आरा लाविल्या ते वर्तमान

श्रीभवानी कृपावंत, आणि त्या दिवशी वीजही कृपावंत, म्हणोन हे कार्य सिद्धीस गेले. शके १९०८, क्षयनाम संवत्सर, वैशाखमासी, उमरगे तालुक्यापैकी कसबे मुरुम येथे सहकारी सोसायटीचे चिटणीस राजमान्य राजश्री भीमाशंकरप्पा यांनी आपल्या गाण्याच्या पेट्यांखाली टोकदार लोखंड लाविले, त्यावरून जे युद्ध पेटले त्याची हकिकत येणेप्रमाणे. हकिकत खुद्द चिटणिसांनी आपले मुखे सांगितली, आणि जेथे आपली फजिती होती तेथे चार शब्द अधिकच घालोन सांगितली, सबब ती विश्वासास पात्र.

त्या साली पर्जन्याने मुलुखाकडे पाठ केली होती. विहिरींचे तळ दिसो लागले, गावचे बैल छावणीस गेले, आणि सोसायटीच्या गुदामातील खताची पोती कोणी उचलीना, त्यामुळे चिटणिसांस फुरसत बहुत जाहली. फुरसतीतला मनुष्य कोणत्या मोहिमेस निघेल याचा नेम नाही. चिटणिसांचे घरावर लाकडी फळ्यांच्या जमिनीची माडी. तेथे सोलापुराहून आणिलेली टेप आणि तिचा आवाज ज्यांतून निघे त्या गुडघाभर उंचीच्या दोन पेट्या मांडिल्या होत्या. रोज सांजवेळी चिटणीस तेथे खासा बैसत, आणि शेजारी त्यांचे तीर्थरूप महांतप्पा बैसत. महांतप्पा पूर्वी मठाच्या भजनात मृदंग वाजवीत आणि त्यांचे नाव दूरवर होते. आता वय जाहले, बोलणे थोडे. टेप संपली की चिटणीस पुसत, कसे वाटले, आणि वडील मान हलवोन म्हणत, "ब्येस." बापलेकांचे दिवसभराचे बोलणे ते इतकेच, परंतु तेवढ्यावर चिटणिसांचा दिवस गोड होत असे.

मग एके दिवशी चिटणिसांची स्वारी सोसायटीचे कामी सोलापुरास गेली, आणि तेथे रेडिओच्या दुकानी एक इंग्रजी मासिक नजरेस पडले. त्यात लिहिले होते की, पेट्या अणकुचीदार लोखंडावर उभ्या केल्या असता हालत नाहीत आणि खर्ज स्वच्छ होतो. चिटणिसांचे इंग्रजी निम्मे. जे समजले त्यावर विश्वास ठेविला, आणि जे समजले नाही त्यावर अधिक ठेविला. मुरुमास येताच मसलत केली की ऐसे लोखंड कोठे मिळावे, तो स्मरण जाहले की बैल छावणीत, तर बैल हाकावयाच्या पराण्या घरोघरी कोपऱ्यात रिकाम्या उभ्या. मग दारोदार फिरोन पराण्यांच्या टोकाच्या आरा मागोन घेतल्या. लोकांनी हासत दिल्या. हरिबा म्हणोन एक म्हातारा होता, तो इतकेच बोलिला, "न्या की. बैल न्हाईत, तर पेटीला टोचून बघा. चालली तर सांगा." चिटणिसांनी तो आशीर्वाद समजोन घेतला.

मग गिरमिटाने पेट्यांच्या बुडास भोके पाडोन चारी कोनी आरा रोविल्या. त्या धुमश्चक्रीत चिटणिसांचा अंगठा जायबंदी जाहला, परंतु ते मागे हटले नाहीत. पेट्या टोकांवर उभ्या राहिल्या, टेप सुरू जाहली, आणि चिटणिसांस साक्षात्कार जाहला. मृदंगाचा घुमारा ऐसा की जणो वाजविणारा माडीवरच येऊन बैसला आहे. वडिलांस पुसिले, फरक पडला ना? वडील मान हलवोन "ब्येस" म्हणाले.

परंतु माडीखालच्या मुलुखात वेगळेच वर्तमान होते. तेथे स्वयंपाकघर, आणि तेथील समग्र सत्ता चिटणिसांचे कुटुंब सौभाग्यवती रुद्रम्मा यांची. पूर्वी पेट्यांखाली घोंगडी असे. आता आरा फळ्यांत रुतल्या, आणि मृदंग वाजे तसतशी फटींतली जुनी माती झरझर खाली येऊन, टँकरच्या पाण्यात शिजविलेल्या हुळग्याच्या माडग्यात पडली. रुद्रम्मा पातेले घेऊन जिना चढल्या, ते पातेले चिटणिसांपुढे ठेविले, आणि तहाची कलमे सांगितली. ती ऐसी की, चिटणिसांनी डोळे बांधोन पेट्या आरांवर आहेत की घोंगडीवर हे ओळखावे. ओळखले तर माती सोसू. न ओळखले तर पेट्या, टेप आणि आरा समस्त सोसायटीच्या गुदामी दाखल व्हाव्या, आणि माडी शेवया-पापड वाळविण्यास खुली व्हावी.

चिटणिसांनी कलमे मान्य केली, परंतु चित्त वडिलांकडे गेले. वडिलांचे गुडघे धरलेले. गुदामापर्यंत त्यांचे येणे होणार नाही, आणि मग सांजवेळचे ते एक अक्षरही उरणार नाही. हे भय त्यांनी कोणास सांगितले नाही. वरकरणी छाती काढोन म्हणाले की, शास्त्र सिद्ध करोन दाखवितो.

पंच म्हणोन मच्छिंद्र गुरुजी नेमिले. हे प्राथमिक शाळेचे मास्तर आणि चिटणिसांचे बाळपणापासूनचे मित्र. परंतु मैत्रीखातर खोटे बोलणे त्यांस ठाऊक नाही, सबब रुद्रम्मांनीच त्यांचे नाव सुचविले. रविवारी दुपारी वीज आली ती संधी साधोन परीक्षा सुरू जाहली. चिटणिसांचे डोळ्यांस उपरणे बांधिले. गुरुजी कधी पेट्या नुसत्या आरांवर ठेवीत, कधी आरांखाली पाट आणि पाटाखाली घोंगडीची जाड घडी सारीत, आणि मग टेप लावीत. प्रथम चिटणीस बोलिले, आरा, चुकले. मग बोलिले, घोंगडी, तेही चुकले. मग हवालदिल होत्साते बहुत वेळ ऐकत राहिले, मान डोलविली, आणि उभे राहोन जाहीर केले की, हा खर्ज आरांखेरीज येणे नाही, यावर आपली चिटणिशी पणास लावितो. गुरुजींनी उपरणे सोडिले. पेट्या घोंगडीवर सुखे बैसल्या होत्या.

गुरुजी हासले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. म्हणाले, "चिटणीस, कान चांगलेच हाईत तुमचे. पण त्यात आधीच मासिक भरून ठेवलंय."

चिटणीस फळ्यांवर मटकन बैसले. टेप तशीच चालू होती. गुरुजींनी घोंगडी-पाट काढोन घेतले, कारण पाट रुद्रम्मांचे, ते परत देणे होते. आणि पेट्यांच्या आरा पुन्हा फळ्यांत रुतल्या. तो भिंतीशी बैसलेले महांतप्पा बोलिले, "आत्ता आलं. मघाशी कशापायी बंद केलतं?"

कोणी काही बंद केले नव्हते. गुरुजींनी घोंगडी-पाट पुन्हा सारिले. महांतप्पा म्हणाले, गेले. ते काढिले, म्हणाले, आले. मग गुरुजींनी त्यांस पाठमोरे बैसविले आणि पुन्हा पुन्हा करोन पाहिले, एक वेळही चूक नाही. तेव्हा सर्वांची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. पंजा फळीवर पालथा पसरला होता.

चिटणीस जवळ गेले आणि पुसिले, अप्पा, ऐकू येते ना? महांतप्पांनी वळोन पाहिले नाही. मग कानाशी तोंड नेऊन पुसिले.

"कानात नुसता गलका येतोय, तम्मा," महांतप्पा लाडाची कानडी हाक घालोन म्हणाले. "ताल हातात येतोय. दोन सालं झाली, म्या नुसती मान हलवतोय. तू एवढ्या हौसेनं लावतोस म्हणून."

चिटणिसांस आपले समग्र शास्त्र आठवले आणि लाज वाटली. दोन साल पेट्या बोटभर पुढे केल्या, बोटभर मागे केल्या, आणि शेजारी बैसल्या मनुष्याकडे एक वेळही नीट पाहिले नाही. गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले. इतक्यात पुन्हा माती पडली म्हणोन रुद्रम्मा वर आल्या, तो सासरे पेट्यांजवळ सरकोन फळीवर बोटांनी ठेका धरीत होते. काय जाहले ते गुरुजींनी हळू आवाजात सांगितले. तहाप्रमाणे जय रुद्रम्मांचाच होता. परंतु त्या खाली गेल्या, आणि एक जुने इरकली लुगडे काढोन चुलीच्या वर, तुळयांस छतासारखे बांधिले.

वर महांतप्पांची बोटे थांबली. कपाळास आठी पडली. मग फळीवर चापट मारोन बोलिले, "हा मृदंगवाला कच्चा हाय. समंवर येतच न्हाय. दुसरा लाव."

ती टेप चिटणिसांची अति लाडकी, गावात चार जणांस बोलावोन ऐकविलेली. चिटणिसांनी ती तात्काळ काढिली, दुसरी लाविली, आणि वडिलांच्या तोंडाकडे पाहत बैसले.

आरांनी स्वर सुधारतो की कसे, याचा निकाल लागला नाही. त्या कामी चिटणिसांचे कान अपात्र ठरले, हे नमूद करणे प्राप्त. परंतु माडी राखिली, पेट्या राखिल्या, आणि त्या दुपारी वीज जाईतो महांतप्पांनी एकामागोन एक चार टेपा नापसंत करोन प्रत्येकीचे कारण लेकास सांगितले. ऐसी थोर फत्ते जाहली.