हिलाल कोठीत, बातमी पोटात

मुलांना किल्ला दाखवावा तर तो या खल्फाननंच! हे मी म्हणत नाही, ऑफिसात सगळे म्हणतात. म्हणजे मी म्हणतो आणि ते ऐकून घेतात. मस्कतपासून दोन-तीन तासांत जाऊन येण्यासारखे जेवढे किल्ले आहेत, ते सगळे मी मुलांना पालथे घालून दाखवलेत. कुठल्या बुरुजावर तोफ कशी चढवली, कुठल्या भोकातून शत्रूच्या डोक्यावर उकळता खजुराचा पाक ओतला, सगळं मला तोंडपाठ. गाइड-बिड आपल्याला लागत नाही!

त्या शुक्रवारी आम्ही खुदैराच्या किल्ल्यावर गेलो. मी, बायको झुवैना, नऊ वर्षांची राया आणि पाच वर्षांचा हिलाल. पोराच्या नावावरून मला सगळे अबू हिलाल म्हणतात, म्हणजे हिलालचा बाप. शुक्रवारी हा किल्ला अकरालाच बंद होतो. राखणदार वालिद हमूद (वालिद म्हणजे वडील, कुठल्याही म्हाताऱ्याला आम्ही असंच म्हणतो) दाराला कुलूप घालतात, जुम्म्याच्या नमाजाला जातात आणि तिथून थेट डोंगरापलीकडे लेकीकडे. सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. मग दार उघडणार ते शनिवारी सकाळी आठला.

पण काय किल्ला आहे हो! भिंती अशा की बाहेर अंगाची लाही होत असताना आत गार वाटतं. बुरुजावर उभं राहिलं की खाली नुसती खजुराची झाडंच झाडं. राया तर बोलायचीच थांबली, आणि राया बोलायची थांबते ही साधी गोष्ट नाही. माझी छाती अशी फुगली, जसा किल्ला मीच बांधलाय!

दहा-वीसला आम्ही खाली खजुराच्या कोठीपाशी आलो. बुटकं दार, लाकूड वीतभर जाड.

"बाबा, आत एवढा अंधार का?" हिलालनं आत डोकावून विचारलं.

"अरे, हा कसला अंधार! तू आत उभा राहा, मी दार लावतो. मग बघ जुन्या लोकांचं काम. प्रकाशाचा एक कण आत येणार नाही!"

"अबू हिलाल, दार लावू नका हं," झुवैना म्हणाली. "त्या खटक्याचं काही खरं दिसत नाही."

"अगं, तीनशे वर्षांचा खटका आहे तो! त्याला काय होतंय?"

मी दार ओढलं. दाराच्या पोटात कुठेतरी खट्ट झालं. प्रकाश आत गेला नाही हे खरं, पण हिलालही बाहेर आला नाही.

मी दार ओढलं, ढकललं, खांदा लावला. जुन्या लोकांच्या कामाला मानलं पाहिजे, ते तसूभरही हललं नाही!

"बघितला अंधार," आतून आवाज आला. "आता उघडा."

"उघडतो हं, राजा!"

"लवकर उघडा बाबा. मला शू लागलीय."

झुवैनानं माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांच्या संसारात तिनं असं तीनदाच बघितलंय आणि तिन्ही वेळा चूक माझीच होती.

"वालिद हमूदकडून किल्ली आणा. पळत जा, पळत या. मी इथं त्याच्याशी बोलत बसते."

मी पळालो. मुख्य दाराच्या ओसरीत वालिद हमूद चटईवर बसले होते. पण एकटे नव्हते! सोबत गावातले तीन म्हातारे, मध्ये कॉफीची सुरई आणि खजुराचं ताट. तिथेच माझा घात झाला.

आता दुसरा कुणी असता तर लांबूनच ओरडला असता. आम्हा डोंगरातल्या माणसांना ते जमत नाही. चपला काढायच्या, उजवीकडून सुरुवात करून एकेकाचा हात हातात घ्यायचा, मांडी घालून बसायचं. मग ते बातमी विचारणार आणि आपण म्हणणार, काही बातमी नाही, सगळं ठीक. घरात मयत झालेली असली तरी पहिल्यांदा हेच! खरी बातमी मागाहून, कॉफी झाल्यावर. माझा एक काका विहिरीत पडला होता, तर वरून विचारणाऱ्यालाही त्यानं आधी 'सगळं ठीक' असंच सांगितलं होतं. सकाळी तिकीट घेताना वालिद हमूदशी माझी विचारपूस झाली होती, पण ती उभ्या उभ्या. ती कुणी धरत नाही.

"या, या अबू हिलाल! कसे आहात?"

"अल्लाची कृपा. छान!"

"आई?"

"छान."

"भाऊबंद?"

"छान."

"मुलंबाळं?"

माझी जीभ अडखळली. खरंच अडखळली! पण सवय हो, चाळीस वर्षांची.

"छान," मी म्हणालो.

"बातमी काय?"

"काही बातमी नाही. सगळं ठीक. तुमच्याकडची?"

"काही बातमी नाही. सगळं ठीक."

हे एक झालं. अजून तीन म्हातारे बाकी होते, आणि त्यातल्या एकाला ऐकू कमी यायचं. त्याला मी माझी मुलं छान आहेत हे दोनदा ओरडून सांगितलं.

मग कॉफी. तुम्ही पेला हलवून परत दिला नाही, तर वाढणारा भरतच राहतो. माझं सगळं लक्ष आत कोठीत. हलवायचं कोण लक्षात ठेवतोय! एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याला भानावर आलो आणि पेला असा हलवला की थेंब शेजारच्याच्या दाढीवर उडाले.

"वालिद, एक सांगायचं होतं..." मी सुरुवात केली.

तेवढ्यात पाचवा म्हातारा आला! सगळे उठले, मीही उठलो. हात हातात घेतले. बसलो. आई? छान. मुलंबाळं? छान. बातमी? काही नाही!

इतक्यात राया धावत आली. मला हायसं वाटलं. म्हटलं, पोर आहे, पटकन बोलून टाकेल. पण म्हाताऱ्यांना बघताच ती थबकली. डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि छातीवर हात ठेवला.

"ये बेटी. बातमी काय?" पाचव्यानं विचारलं.

"काही बातमी नाही, वालिद," राया गोड आवाजात म्हणाली. "सगळं ठीक. तुमच्याकडची?"

"माशाल्ला! माशाल्ला!" ओसरी दुमदुमली. "काय वळण आहे पोरीला! अबू हिलाल, मुलं वाढवावीत तर अशी!"

खरं सांगतो, मला इतकं भरून आलं की मी आणखी एक पेला घेतला.

राया माझ्या कानाशी लागली. "बाबा, हिलाल म्हणतोय की तो आता एका पायावर उभा आहे."

अकराला पाच कमी होती. वालिद हमूद गुडघ्यांवर हात टेकत उठले, कमरेच्या किल्ल्या खुळखुळल्या. "चला, मंडळी! दार लावायची वेळ झाली." मी तोंड उघडलं, तर सगळ्यात वडील म्हाताऱ्यानं निरोपाचा हात वर केला.

"अबू हिलाल, अल्लाह तुमच्या मुलाबाळांना सुखरूप ठेवो!"

"आमीन," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या कळकळीनं मी आमीन म्हटलेलं नाही.

आणि मग झुवैना आली. चेहरा लाल, अबाया धुळीनं माखलेला, कारण ती दाराच्या फटीशी जमिनीवर आडवी पडून पोराला गोष्टी सांगत होती. सगळे अदबीनं उभे राहिले.

"या उम्म हिलाल. बातमी काय?"

"वाईट!" झुवैना म्हणाली. "मुलगा कोठीत कोंडला गेलाय, यांनीच कोंडलाय, त्याला शू लागलीय, किल्ली द्या!"

पहिल्याच विचारण्याला खरी बातमी! त्या चटईवर असं आजवर कधी झालं नसावं. कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्यालाही ते ऐकू आलं. आणि मी? मी नुसता बघत राहिलो. काय बाई आहे! लग्नात नटून बसली होती तेव्हासुद्धा ती मला इतकी सुंदर दिसली नव्हती.

वालिद हमूद माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही अर्धा तास काय सांगत होतात?"

"तुम्ही विचारलंत ना... म्हणजे मी म्हटलं, आधी कॉफी..."

"बरोबर आहे त्याचं," वडील म्हातारा म्हणाला. "रीत ती रीत. पण अशा कामाला बायकोला पाठवावं."

वालिद हमूद पळाले. पंच्याहत्तरीचा माणूस, पण मला मागे टाकलं! त्यांच्यामागे झुवैना, मग राया, मग मी, माझ्यामागे काठ्या टेकत चार म्हातारे. कोठीशी पोचताच त्यांनी किल्ली घातली, पण खटका अडला. ते खडखडवू लागले.

"धीर धर बेटा, आत्ता उघडतो!"

"सावकाश उघडा, वालिद," आतून हिलालचा शांत आवाज आला. "आता घाई नाही."

दार उघडलं. हिलाल हसत बाहेर आला आणि आईच्या कमरेला बिलगला. आम्ही सगळे आत वाकून बघायला लागलो. खजुराच्या कोठीत जमिनीवर पन्हळी कोरलेल्या असतात. वर खजुराच्या थैल्या रचायच्या, त्यांच्या भारानं पाक झिरपतो आणि पन्हळींतून वाहत कोपऱ्यातल्या हौदात जमतो. मला कुणी ओरडण्याआधी मी माफी मागायला सुरुवात केली. पण वालिद हमूदनी मला हातानंच गप्प केलं. ते गुडघ्यांवर बसले होते आणि बॅटरीच्या उजेडात पन्हळीवरून बोट न लावता नजर फिरवत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"लहानपणापासून मी इथं आहे," ते हळूच म्हणाले. "येईल त्याला या पन्हळींचा उतार सांगत आलो. पण वाहताना आज पहिल्यांदा बघतोय. एक थेंब इकडेतिकडे नाही, सगळं सरळ हौदात! माशाल्ला, काय बांधकाम आहे!"

"माशाल्ला!" चारही म्हातारे एका सुरात म्हणाले.

मी बादली आणायला पळालो. या वेळी आधी लांबूनच डोकावून बघितलं, ओसरीत आणखी कुणी येऊन बसलेलं तर नाही ना!