टिकल्यांचा चष्मा

सबनीसकाका चष्म्याच्या दोन्ही काचांवर मधोमध एकेक टिकली चिकटवतात आणि मग पत्रं आणायला बाहेर पडतात. टिकल्या काकूंच्या, मरून रंगाच्या. लेटरबॉक्सशी पोचले की ते मान कोंबड्यासारखी तिरकी करतात आणि कडेकडेने आत बघतात. आमच्या ट्रुगानिना या उपनगरात सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी आहेत. काका त्या साच्यातले नाहीत. समोरच्या ग्लेनने मला एकदा हळूच विचारलं, हे काही धार्मिक आहे का? मी ऑफिसला निघालो होतो. हो म्हणून टाकलं. तेव्हापासून ग्लेन काकांना पाहिलं की टोपी काढतो.

घाईत असलो की मी असं काहीतरी बोलून टाकतो. या टिकल्यांच्या मागेही माझं असंच एक वाक्य आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा तराजू खरा की खोटा, लिटरचं माप खरंच लिटरचं आहे का, हे तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर ते आणि काकू इथे, आमच्या शेजारी, मुलीकडे राहायला आले, ते एक किलोचं लोखंडी वजन घेऊनच. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने हे काय म्हणून विचारलं. काका म्हणाले, एक किलो. तो म्हणाला, ते कळलं, पण वस्तू काय आहे? काका म्हणाले, एक किलो. शेवटी त्याने ते आपल्या काट्यावर ठेवलं. आकडा बरोबर आला, आणि काकांनी मान डोलावून त्याचा काटा पास केला.

"आधी माप तपासायचं, मग माल," हे त्यांचं पालुपद. इंडियन दुकानात भेंडी घ्यायची तरी आधी ते वजन पिशवीतून निघतं आणि काट्यावर बसतं. मागची रांग खोळंबते. कंटाळून दुकानदार त्यांना मूठभर भेंडी जास्त घालू लागला. काकांनी ती परत केली. जास्त भरणं हीसुद्धा चूकच, म्हणाले. आमच्या बाथरूममधला काटा दोन किलो कमी दाखवतो हा शोधही त्यांचाच. माझी बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

मग काकूंच्या डोळ्यांचं सुरू झालं. वय झालं की काहींच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो. मॅक्युला म्हणतात त्या भागाला. कडेचं दिसत राहतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. काकूंनी मला ते त्यांच्या पद्धतीने समजावलं. "सुधीर, तुझे कान एवढे मोठे आहेत हे मला आत्ता कळलं रे. मध्ये तोंड नसलं की कानांकडे लक्ष जातं."

त्यांची मुलगी नर्स आहे, तिला शिफ्टा असतात. म्हणून शहरातल्या क्लिनिकला त्यांना मी नेऊ लागलो. यात उपकार काही नव्हता. माझी आई नाशिकला एकटी राहायची. फोनवर "हल्ली नीट दिसत नाही रे" म्हणायची, आणि मी दर वेळी "दाखवून घे" म्हणायचो. बरोबर कोण जाणार, हे मी कधी विचारलं नाही. आता ती नाही, आणि मी दुसऱ्यांच्या काकूंना नेतो.

त्या क्लिनिकमध्ये पडदा किती काम करतो ते मोजतात. हनुवटी टेकवायची आणि मधल्या लाल खुणेकडे बघत राहायचं. इकडेतिकडे बारीक ठिपके लुकलुकतात, कधी ठळक, कधी अगदी अंधुक. ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. शेवटी पडद्याचा नकाशा निघतो. दिसलं तिथे हिरवं, नाही दिसलं तिथे काळं. काकूंच्या नकाशात मधोमध काळा डाग होता.

काकांनी तो कागद पाहिला आणि तपासणाऱ्या मुलीला, क्लोईला, विचारलं, मशीनवर शिक्का कुठाय? तिने कौतुकाने कंपनीचं स्टिकर दाखवलं. "स्वतःच्या मापावर स्वतःच शिक्का मारायचा नसतो," हे काकांनी माझ्याकडून इंग्रजीत वदवून घेतलं. क्लोई "नो वरीज" म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे वळली.

"मला दिसत नाही हे मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "यांना मशीनने सांगूनही पटत नाही."

पार्किंगमध्ये काकांनी माझी बाही धरली. "सुधीर, मशीन चुकीचं असू शकतं ना?"

मला दोनची मीटिंग गाठायची होती. म्हणालो, "असू शकतं, काका. मशीनपण चुकतं."

तेच ते वाक्य. पुढचे तीन महिने काका त्याच्यावर जगले. क्लिनिकला त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यातल्या चुका मीच काढून दिल्या. काकूंना दाराची कडी एका झटक्यात सापडली, की कुंपणावरून मला सांगायचे, बघ, पडदा ठीक आहे, मशीनच काटा मारतंय. तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी मान खाली घालून लॉन कापत राहायचो.

मग कळलं, की क्लिनिकला तुलनेसाठी त्याच वयाची, निरोगी डोळ्यांची माणसं हवी आहेत. काका हरखले. काटा तपासायचा तर त्यावर खरं वजन ठेवावं लागतं, आणि ते खरं वजन म्हणजे त्यांचे डोळे. मोतीबिंदू काढल्यापासून ते सुईत दोरा ओवतात. त्यांच्या नकाशातही डाग निघाला, तर मशीन खोटं. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, निरीक्षक होऊन गाडीत बसले. काकूही आल्या, गंमत बघायला.

नकाशा निघाला. सगळा हिरवा.

या वयात इतके छान डोळे, असं क्लोई म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं आणि सांगताना माझाच आवाज मला नकोसा झाला. काकांनी कागद उजेडात धरला. मधोमध बोट फिरवून पाहिलं. काळं काही सापडेना.

"मशीन बरोबर आहे," ते म्हणाले.

एखादं माप खरं निघालं की एरवी हा माणूस किती खुलायचा. या वेळी त्यांनी खिशाचं पेन काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत लावलं.

परतताना काकू मागच्या सीटवर झोपल्या. फ्रीवेला लागल्यावर मी रस्त्याकडे बघतच म्हणालो, "काका, मला त्या मशीनचं काहीही माहीत नव्हतं. मीटिंग होती, म्हणून बोलून गेलो."

काका म्हणाले, "तीन महिने बरे गेले, सुधीर." रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात चष्म्यावर टिकल्या आल्या.

परवा रविवारी दुपारी मी थालीपीठं द्यायला गेलो. मागच्या अंगणात दोघं चहाला बसली होती. काकू काकांच्या डाव्या कानापलीकडे बघत बोलत होत्या. समोरचं माणूस दिसायला हवं तर नजर जरा बाजूला ठेवायची, असं क्लोईने त्यांना शिकवलंय. काका, डोळ्यांवर टिकल्या, काकूंच्या कानापलीकडे बघत ऐकत होते. खुर्च्यांच्या पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा होत्या. कुठून काय दिसतं हे मोजून जागा ठरवलेल्या.

"हे माप खोटं आहे," मी न विचारताच काका म्हणाले. "माझी नजर टिकलीच्या बाजूने निसटते. हिची टिकली नजरेबरोबर फिरते."

"मग वापरता कशाला?"

"दुसरं नाही माझ्याकडे."

"माझं अख्खं पाकीट संपवलं यांनी," काकू म्हणाल्या. "कपाळाला एक टिकली उरली नाही."

काकांनी चष्मा काढून मला दिला. मी तो लावला आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं. तिथे काका नव्हते. एक मरून डाग होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कान. मान तिरकी केली, तेव्हा कडेने टेबल दिसलं. काका काकूंच्या कपाचा कान हळूच त्यांच्या बोटांकडे वळवत होते. थोडा जास्त वळला, तेवढा त्यांनी परत मागे घेतला.