माझ्या खोलीतला आउटडोअर

आमच्या घरात यंत्रातलं कळणारा एकमेव माणूस म्हणजे मी. त्यामुळे आई-बाबांच्या खोलीत एसी बसवायचं ठरलं, तेव्हा सगळी मोहीम मीच हातात घेतली. मॉडेल निवडलं, भिंत मोजली, खडूने फुली मारली. फिटर आला तेव्हा मी फक्त केस कापायला गेलो होतो! दुसऱ्या दिवशी माझी ऑनलाइन मुलाखत होती. ग्राहक तक्रार विभागातली नोकरी. कितीतरी महिने घरी बसल्यावर आलेली पहिलीच संधी!

परत येऊन माझ्या खोलीचं दार उघडलं, तर आतून अशी झळ आली की नुकते कापलेले केस उभे राहिले. माझ्या पलंगाच्या उशाशी, भिंतीवर, आउटडोअर युनिट! त्याचा पंखा घरघरत पलीकडच्या खोलीतली सगळी उष्णता माझ्या उशीवर ओतत होता.

"बाबा! हे घराबाहेर बसवतात!"

"एवढी महागाची वस्तू उघड्यावर?" बाबा म्हणाले. "ऊन लागेल त्याला."

"अहो, उन्हात राहण्यासाठीच बनवलंय ते!"

"असेल. पण अजून नवीन आहे रे."

फिटर पाने-पक्कड पिशवीत भरत होता. मी त्याच्यावर उखडलो, "तुम्हाला तरी कळायला नको?"

"मी सांगितलं ना त्यांना," तो म्हणाला. "दोनदा सांगितलं. मग चहा आला."

"आत्ताच्या आत्ता काढा!"

"आता पुढच्या आठवड्यात," म्हणत तो जिना उतरलासुद्धा.

संध्याकाळपर्यंत आईने माझ्या खोलीत दोरी बांधली. "बघ तरी, टॉवेल कसे कडकडीत वाळतात!" ही बातमी खालच्या मजल्यावरच्या काकूंना कळली आणि त्या चार ओल्या चादरी घेऊन आल्या. "फक्त एसी बघायला" आलेली आत्या थंड खोलीत रजई घेऊन आडवी झाली ती उठेचना. मी रात्रभर भट्टीतल्या विटेसारखा पडून होतो, आणि विटेला निदान मुलाखत नसते!

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसलो. मागे काकूंची फुलाफुलांची चादर. पडद्यावर एक गोड आवाजाच्या बाई.

"तुम्ही आत्ता पोहून आलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम, घरीच होतो."

"बरं. ग्राहक तुमच्यावर ओरडायला लागला तर काय कराल?"

"मी डोकं शांत ठेवून त्याचं म्हणणं..."

तेवढ्यात युनिटने असा सूर लावला की मलाच माझं म्हणणं ऐकू येईना. मी उठलो आणि युनिटशेजारचं एसीचं मेन बटण खाडकन बंद केलं. लगेच पलीकडून आत्याचा टाहो, "अगं बाई, गेलं गं गार!" आणि बाबा दारात हजर.

"कोणी बंद केलं?"

झालं! माझा तोल सुटला. "मी केलं! माणूस आत वाळतोय आणि यंत्र सावलीत! हे घर आहे की धोब्याची भट्टी? त्यापेक्षा मलाच टांगा बाहेरच्या भिंतीवर! ऊन लागलं तरी चालेल, मी काही नवीन नाही!"

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

"तुझा त्रास मला कळतोय," ते हळुवारपणे म्हणाले. "तुझ्यावर ही वेळ यायला नको होती. तुझी तक्रार अगदी रास्त आहे. मी स्वतः लक्ष घालतो."

असं म्हणून त्यांनी बटण पुन्हा चालू केलं आणि निघाले. कशातही काडीचा फरक पडला नव्हता, आणि मी चक्क "थँक्यू" म्हणालो!

वळून पाहतो तर माइक चालूच. बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या.

"हे गृहस्थ कोण?"

"वडील."

"सध्या काय करतात?"

"निवृत्त आहेत."

"त्यांना जरा बोलावता का?"

बाबा सोमवारपासून कामावर आहेत. घरूनच काम, थंड खोलीत, दार लावून. काल मी संतापून ते दार बडवलं, तर आतून अतिशय प्रेमळ आवाज आला, "कृपया प्रतीक्षा करा."

करतोय. माझ्या आधी आत्याचा नंबर आहे. तिला खोलीबाहेर काढल्याची तिची तक्रार आहे.