तीर्थस्वरूप रोसाबाईंना

रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून देणारा एसएमएस ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ने सुरू करणारा फार्मसिस्ट जगात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या काउंटरवर होता. शिवाय तो एसएमएस स्पॅनिशमध्ये!

बापटकाका मूळचे मिरजेचे. इथे परदेशात, ओटाहुहू या उपनगरातल्या आमच्या औषधांच्या दुकानात चिली, कोलंबियाहून आलेली म्हातारी माणसं यायची. त्यांना इंग्रजी लेबल वाचता येत नसे. विचारायची लाज वाटे, मग हसून मान डोलवायची आणि घरी अंदाजाने गोळ्या घ्यायच्या. काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. “अगं, कळलंच नाही तर ते औषध कसलं?” साठीला टेकलेल्या काकांनी लायब्ररीतून स्पॅनिशच्या सीडी आणल्या.

रविवारी अवोन्डेलच्या बाजारात स्पॅनिश कानावर पडलं, की हातातली कोथिंबिरीची जुडी टाकून हे ती बोलणाऱ्या बाईंसमोर उभे. नावाआधी प्रश्न, “गोळ्या कुठल्या घेता?” मोबाइल नंबर मिळायचा, कोथिंबीर राहून जायची.

फोन बटणांचा. मायना पहिल्या एसएमएसात, क्षेमकुशल दुसऱ्यात, गोळी तिसऱ्यात. ‘तीर्थस्वरूप’ला स्पॅनिश शब्द सापडेना, तेव्हा ‘पवित्र नदीसमान बाईसाहेब’ असं काहीतरी केलं होतं.

“काका, नुसतं ‘गोळी घ्या’ लिहा ना!”

“वडीलधाऱ्यांशी असं तोडून बोलतात? आणि हे बघ, तीर्थरूप लिहावं असं माझं आता कोणी उरलं नाही. तीर्थस्वरूप तरी लिहू दे.”

म्हाताऱ्या मात्र खूश. या देशात इतक्या आदराने त्यांची कोणी विचारपूसच केली नव्हती. सगळ्या वेळेवर गोळ्या न्यायला येऊ लागल्या.

फक्त रोसाबाई येईनाशा झाल्या. ऑफिसं साफ करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, साखर आणि रक्तदाब दोन्ही. काका रोज एसएमएस पाठवत होते. उत्तर नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांचा एक डोळा फोनवर असायचा.

एका दुपारी उत्तर आलं. काकांनी मला अर्थ सांगितला, “मी बरी आहे. काळजी करू नका.”

“चला, सुटलो आपण!” मी म्हटलं.

काका पांढरा कोट काढून जॅकेट चढवत होते.

“अहो, बऱ्या आहेत म्हणतायत ना त्या?”

“माझी आईसुद्धा दर रविवारी फोनवर हेच म्हणायची. तिलाही लेबल वाचता यायचं नाही. ती गेल्यावर कळलं, गोळ्या कधीच्या बंद केल्या होत्या तिने. मी इथे जगाला औषधं समजावत होतो, आणि ती ‘बरी आहे’ म्हणाली की फोन ठेवायचो.”

रोसाबाईंच्या गोळ्यांची पिशवी मी काकांच्या हातात दिली.

“समोर जाऊन बसलो असतो ना, तर सांगितलं असतं गं तिने मला,” काका म्हणाले, आणि बसस्टॉपकडे निघाले.