पाटलांच्या घराचं पाहणं

माणसाची आवड एकदा घडली की मरेपर्यंत बदलत नाही, असं हसनाबादच्या बद्रीनाथ पाटलांचं ठाम मत होतं. दर आठ-दहा वर्षांनी त्यांची एक नवी आवड घडे आणि तीही मरेपर्यंत बदलणार नसे.

आवडीचा हा प्रश्न सिनेमापुरता होता. नट, नटी, गोष्ट यांच्याशी बद्रीनाथांना देणंघेणं नव्हतं. सिनेमा कुठे घडतो, तेवढंच ते पाहत. तंबूतल्या टॉकीजमधून बाहेर पडताना लोक मारामारीवर बोलत, हे खलनायकाच्या अंगणावर बोलत. आपलं घर एकदा पडद्यावर यावं, ही त्यांची एकमेव इच्छा होती. झुंबरबाई पाटलीण यांचीही एकच इच्छा होती : स्वयंपाकघर गळू नये. दोन्ही इच्छा एकाच घराविषयी असल्याने मतभेद अटळ होते.

त्र्याऐंशी साली बदनापूरचा धर्मराज गावात आला. तो मुंबईत सिनेमावाल्यांना शूटिंगच्या जागा शोधून देत असे. असल्या पाहुण्याशी कसं वागायचं, याचा गावाला अनुभव नव्हता. तो 'पाहायला' आलाय एवढं कळलं, म्हणून मुलगी पाहण्याचा रिवाज त्याला जसाच्या तसा लागू करण्यात आला. पाय धुवायला पाणी, मग कांदेपोहे, मध्यस्थ म्हणून शेजारचे सांडूमामा. मातीच्या भिंती सारवल्या होत्या, सागवानी दाराला तेल लावलं होतं, ओसरीतलं जातं पुसून ठेवलं होतं. सांडूमामांनी दाराचे गुण वर्णन केले आणि गोठा स्वभावाने शांत असल्याची हमी दिली.

"घर चांगलं हाये," धर्मराज पोहे संपवून म्हणाला, "पन पब्लिकला आता जिना लागतो. बाप गाऊन घालून जिन्यावरून खाली येतो, मंग पोरीवर ओरडतो. गेल्यावर कळवतो."

'गेल्यावर कळवतो'चा अर्थ लेकीबाळींच्या गावाला सांगावा लागत नाही. बद्रीनाथांची आवड तिथल्या तिथे बदलली. मातीच्या घरात त्यांचा जीव घुसमटू लागला. घर पाडलं. सागवानी दार शहागडला हायवेवरच्या भंगारवाल्याकडे गेलं. जातं झुंबरबाईंनी आपण होऊन दिलं. स्लॅबचं घर उभं राहिलं आणि बैठकीच्या मधोमध वळणाचा जिना आला. जिन्यातच सगळं सिमेंट संपल्याने वरचा मजला झाला नाही आणि स्वयंपाकघरावर गोठ्याचे जुने पत्रे पडले. जिना थेट गच्चीवर जाऊन थांबे. रोज सकाळी बद्रीनाथ आधी वर चढत, गच्चीवर गाऊन घालत आणि संथपणे खाली येत. ओरडायला पोरगी नव्हती, म्हणून म्हशीवर ओरडत. म्हशीने दुधात कपात केली.

एक्क्याण्णव साली धर्मराज पुन्हा आला. पुन्हा पोहे झाले. त्याने जिना चढून-उतरून पाहिला.

"जिना बराबर हाये. पन पब्लिकला आता बर्फ लागतो."

बद्रीनाथांनी त्याला मुक्कामी ठेवून घेतलं. नुकताच वेचून घरात आलेला सगळा कापूस त्यांनी गच्चीवर, जिन्यावर, अंगणात अंथरला. सांडूमामांनी बर्फाच्या पांढरेपणाची ग्वाही दिली. झुंबरबाईंना पातळ साडीत मधोमध उभं करण्यात आलं आणि शाल काढून घेण्यात आली, कारण बर्फात बाईला थंडी वाजत नाही, असा नियम आहे. मग वारा सुटला. उरलेला बर्फ सांडूमामांच्या शेळ्यांनी खाल्ला. ज्या तालुक्यात गारा पडल्या तरी पंचनामा होतो, तिथल्या बाभळी पोळ्यापर्यंत पांढऱ्या होत्या.

"मागं डोंगर पायजे होता," दातातला कापूस काढत धर्मराज म्हणाला. "गेल्यावर कळवतो."

बद्रीनाथ डोंगराच्या चौकशीला लागले. झुंबरबाईंनी पिशवी भरून माहेरची गाडी विचारली, तेव्हा तो विषय स्थगित झाला.

दोन हजार दोन साली धर्मराज आला, तेव्हा त्याचे केसच बर्फासारखे झाले होते.

"पब्लिक बर्फाला कटाळलं, पाटील. आता मातीचं घर पायजे. सागवानी दार, गोठा, ओसरी. तुमचं ते जुनं घर कुठंय?"

"पाडलं."

"कामून?"

"तुम्हीच म्हन्ल्ते ना, जिना लागतो."

"मी पब्लिकचं म्हन्लो. तुमचं कोन इचारलं?"

या खेपेला तो 'कळवतो' असंही म्हणाला नाही. पोहे मात्र खाल्ले.

सिनेमा यथावकाश निघाला. त्यातलं खेडं कुठल्याशा स्टुडिओत प्लास्टरचं बांधलेलं होतं. जालन्यात तो लागला, तेव्हा नवराबायको पाहायला गेले. पडद्यावर मातीचं घर येताच बद्रीनाथांचे डोळे भरून आले. स्लॅबमध्ये आपण इतकी वर्षं कसे जगलो, हेच त्यांना कळेना.

"घर असावं तं असं," ते म्हणाले. "आपल्याकडं न्हाईच असं काही."

"ते दार आपलं हाये," झुंबरबाई म्हणाल्या.

"चूप बैस."

"कडी बघा. तुम्ही किल्ली हारवल्ती, तवा मीच पहारीनं वाकवल्ती."

नायिकेने दार उघडलं. कडी वाकडी होती. बद्रीनाथांनी पुढे वाकून ती निरखून पाहिली.

"आपलं दार एवढं चांगलं कुठं होतं?" ते म्हणाले.

त्या पावसाळ्यातही स्वयंपाकघर गळलं.

जातं मात्र पडद्यावर दिसलं नाही. शहरातल्या जाणकार घरांत हल्ली जात्यावर काच टाकून चहाचे कप ठेवतात, असं ऐकतो. तुमच्या बैठकीत असेल तर काचेखाली वाकून पाहा. वरच्या दगडाचा टवका उडालेला आहे. त्यातून पीठ जाडंभरडं पडायचं, म्हणून बाईंनी ते काढून टाकलं होतं.