प्रयाग व्हाया गोराई

आमच्या चारकोपच्या गल्लीतले मेस्त्रीकाका गेली पाच वर्षं यात्रेला गेलेले आहेत, आणि रोज सकाळी साडेसहाला मला दुधाच्या रांगेत भेटतात. यात काही चुकतंय असं तुम्हाला वाटेल. काकांना वाटत नाही.

"काका, रविवारी सोसायटीची मीटिंग आहे."

"आम्ही सध्या यात्रेत आहोत. आल्यावर बघू."

असं म्हणून ते दुधाची पिशवी घेऊन घरी जातात. डोक्यावर यात्रा कंपनीची टोपी, शर्टाला पिवळा बिल्ला, खांद्याला पाण्याची बाटली. घरात झोपतात चटईवर, कारण यात्रेत गादी नाही. दाढी वाढवली, कारण यात्रेत वस्तरा नाही. ती दाढी आता एवढी झालीय की गल्लीत नवीन आलेली माणसं चप्पल काढून त्यांना नमस्कार करतात. कपाट रिकामं आणि सगळा संसार एका निळ्या बॅगेत. सकाळी बॅग उघडून टूथब्रश काढायचा, दात घासायचे, ब्रश पुसून परत बॅगेत, चेन बंद. मी स्वतः पाहिलंय, म्हणून सांगतो. बाकी जे पाहिलं नाही, तेही सांगणारच आहे.

सगळ्यात भयंकर नियम माशांचा. काका कुडाळकडचे. पन्नास वर्षं इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथ मशीनवर आणि घरी ताटात बांगडा, यापलीकडे त्यांनी जगाकडे काही मागितलं नाही. असा माणूस पाच वर्षं मासा खात नाही! डॉक्टर लोकांना कळलं असतं तर परदेशातून तपासायला आले असते. गल्लीत मासेवाली आली की काका धावत खाली येतात, पाटीसमोर उकिडवे बसतात, एकेका बांगड्याचे कल्ले उघडून बघतात, कालवणात तिरफळं किती घालायची ते बाजूच्या बायकांना सांगतात आणि हात धुऊन निघून जातात. मासेवाली एकदा वैतागून म्हणाली, "काका, घ्यायचा नसेल तर कुरवाळू नका हो त्याला, लाजतो तो!"

आता ही यात्रा कसली, ते सांगतो. काका आणि काकी पाच वर्षांपूर्वी रामेश्वरला गेले. जुनी रीत अशी की रामेश्वरच्या समुद्रातली वाळू आणायची, ती प्रयागला संगमात सोडायची, तिथून गंगा घेऊन परत रामेश्वरला यायचं आणि देवाला तिचा अभिषेक करायचा. तेव्हा कुठे यात्रा पुरी. काका-काकी वाळू घेऊन आले आणि सात महिन्यांत काकी गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं. वाळू राहिली. स्टीलच्या डब्यात, देवासमोर. काका प्रयागला जायचं नाव काढत नाहीत आणि यात्रेतून बाहेरही येत नाहीत.

गल्लीचं म्हणणं, काका आळशी आहेत. माझं म्हणणं, काकांना रामेश्वरातून निघायचंच नाहीये. कारण त्यांच्या दारात जो उभा राहील त्याला ते रामेश्वर दाखवतात. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा, आणि काका त्याला बावीस कुंडांची आंघोळ घालतायत. "पहिल्यांदा समुद्रात डुबकी. मग ओल्या कपड्यांनी देवळात. विहिरीच्या काठावर माणूस उभा, बादली काढतो आणि डोक्यावर ओततो. बावीस वेळा! आठव्या कुंडाला ही म्हणाली, अहो, माझ्या कानात पाणी गेलां. मी म्हटलं, पुढच्या कुंडात दुसऱ्या कानाने घे, समान होईल." गॅसवाल्याचे पाय थरथरतात, पण काका चौदाव्या कुंडाला पोचलेले असतात.

देवळातला तो लांबच लांब खांबांचा सोपा काका चालून दाखवतात, बेसिनपासून बाल्कनीपर्यंत, तीन फेऱ्या. एका मठात पाण्यावर तरंगणारा दगड ठेवलाय. तो बघून काकांमधला लेथवाला जागा झाला. "मी बोटाने दाबला. म्हटलं, आतून पोकळ आहे. ही म्हणाली, गप रवा, देव ऐकता!" मग धनुष्कोडी. दोन्ही बाजूंना समुद्र, मधून रस्ता, एका अंगाला पाणी शांत, दुसऱ्या अंगाला खवळलेलं. छप्पर उडालेलं पडकं चर्च आणि त्याच्या सावलीत शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या बायका. काकींनी एक माळ पसंत केली, ठेवली, परत उचलली, परत ठेवली. "अर्धा तास!" काका सांगतात. "बस हॉर्न मारून मारून थकली." मग दोघं वाळूत वाकून डबा भरतात आणि काकांचं रामेश्वर तिथे संपतं. पुढचं ते कधीच सांगत नाहीत. मी एकदा विचारलं, परतीच्या गाडीत काय झालं? तर म्हणाले, "चहा थंड होता."

तर असं सुरळीत चाललं होतं, आणि मुलुंडच्या पुतणीला पुण्य करायची हुक्की आली. ही वैशाली, काकांच्या भावाची मुलगी, बँकेत साहेबीण, कुठलंही काम अर्धवट दिसलं की तिच्या अंगावर पित्त उठतं. ती नवऱ्याबरोबर प्रयागला निघाली होती. आली आणि म्हणाली, "काका, ती वाळू द्या. मी सोडते. तुम्ही सुटाल, काकीही सुटेल. गुरुवारी न्यायला येते."

काका म्हणाले, "बरं." आणि ती जिना उतरायच्या आत माझ्या दारात.

"विलास, स्कूटर काढ."

"कुठे?"

"गोराई."

मला कळेना. काका पाच वर्षांत मार्केटच्या पलीकडे गेले नव्हते, आणि आता चौपाटी? खाडीवर स्कूटर बोटीत चढवली तेव्हा कुठे त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत चिमूटभर वाळू, डब्यातली. "ह्या ग्रेडची मिळाली पाहिजे."

"काका! गोराईची वाळू प्रयागला? रामेश्वरची म्हणून?"

"समुद्र एकच ना रे? पाणी तिथून इथपर्यंत जोडलेलंच आहे. मध्ये कोणी भिंत घातलीय?"

त्या दिवशी गोराईच्या किनाऱ्यावर जे झालं ते खाणकामाच्या इतिहासात पहिल्यांदाच झालं असेल. लोक पाणीपुरी खातायत, पोरं टांग्यातून ओरडत फिरतायत, आणि मधोमध एक ऋषी ओणवा होऊन चहाच्या गाळणीने वाळू चाळतोय. ही जाड आहे. ही काळी आहे. हिच्यात कोणाचं तरी आइस्क्रीम सांडलंय. चार ठिकाणं नापास झाली. पाचव्या ठिकाणची तळहातावर घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ नेली, जीभ लावली.

"काका, वैशाली काय वाळू चाखून बघणार आहे?"

"वैशाली नाय रे. गंगा." आणि ती वाळू पिशवीत ओतत, "तिला कळणार. पण ती बोलायची नाय कोणाला."

पिशवी भरली. काका तसेच वाळूत बसून राहिले. मी म्हटलं, "पण का काका? खरीच देऊन टाका की. एवढी पाच वर्षं..."

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "रामेश्वराला भटजींनी संकल्प सोडला ना, तेव्हा हिने माझ्या हाताला हात लावलेला. बाई नवऱ्याच्या हाताला हात लावते बघ, तसा. भटजी म्हणाले, आता ही यात्रा दोघांची. पुरी होईपर्यंत दोघांची. मग ती पुरी कशाला करायची रे?"

त्यावर मी काही विनोद केला असता, तर तोच माझा शेवटचा ठरला असता. मी स्कूटर सुरू केली.

गुरुवारी वैशाली पिशवी घेऊन गेली. काकांनी वर हळद-कुंकू वाहून, दोन फुलं ठेवून अशी काही सजवली होती की मलाही क्षणभर ती खरी वाटली. आणि सोमवारी सकाळी व्हिडिओ कॉल आला. मी काकांकडेच होतो. फोन त्यांना धरता येत नाही, म्हणून मी धरला. पडद्यावर बोट, मागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा, वैशाली, नवरा, आणि कपाळभर गंध लावलेले एक पंडितजी.

"जजमान, नाम बोलिए."

"सहदेव मेस्त्री."

"गोत्र?"

"काश्यप."

"धर्मपत्नी साथ में हैं?"

काकांनी माझ्या हातावर झडप घालून लाल बटण दाबलं. एवढ्या वेगाने त्यांनी लेथवरसुद्धा कधी हात मागे घेतला नसेल.

"रेंज गेली," ते म्हणाले. फोनवर चारही काड्या उभ्या होत्या.

खाली मासेवाली ओरडून गेली, पण काका हलले नाहीत. मग वैशालीचा साधा फोन आला. मी स्पीकर लावला.

"काका! कॉल कट झाला, पण मी तुमच्या वतीने सोडली हो वाळू. पंडितजी म्हणाले, सगळं यथासांग झालं. काकीला कळलं असेल ना?"

"होय गो बाय," काका म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. "कळलां असतला. तू जपून ये."

फोन ठेवल्यावर ते उठून देवासमोरच्या डब्याजवळ जाऊन बसले.

"तिला घाई होती प्रयागाची," ते म्हणाले. मला आधी वाटलं, वैशालीबद्दल बोलतायत. "रामेश्वराहून आल्या आल्या मागे लागलेली. तिकिटं काढा, तिकिटं काढा. ही निळी बॅग तिनेच भरून ठेवलेली, मी ती अजून रिकामी केली नाय. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतायत. सावकाश जाऊ. एवढी काय घाई आहे?" त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "दर आठवड्याला विचारायची. मग विचारायची थांबली."

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, मी येतो बरोबर. आपण दोघं जाऊ. तिची खरी वाळू घेऊन. रजा काढतो, तिकिटं आत्ता काढतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे. झाकण नीट बसलंय की नाही, ते अंगठ्याने दाबून बघितलं.

"जाऊ की," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी."