बाळारामभावजींची बिनवायरची पाटी

बाळारामभावजींच्या घरी माऊस घेऊन गेलात तर चहा मिळत नाही. खुर्ची मिळते, पाणी मिळतं, चहा नाही. माऊस म्हणजे कॉम्प्युटरचा. तो पिशवीतून नुसता डोकावला तरी भावजींचं तोंड कडू होतं. "वयनी, ते मुठीत धरून घासत बसायचं का? भांडी हायेत का ती? आपल्याकडं पाटी हाय. बिनवायरची!"

पाटी म्हणजे टचपॅड. हाताच्या पंजाएवढी, काळी, गुळगुळीत. तिच्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो, बोट टेकवलं की बटण दाबल्यासारखं होतं. दुकानात कुणालाही मिळते ती, पण भावजींचा आव असा की शोध ह्यांनीच लावलाय. नवी होती तेव्हा कामतघरातल्या आमच्या अख्ख्या आळीला त्यांनी हात धुवायला लावून ती दाखवली. वडापाव खाऊन आलेला माणूस दारातूनच परत.

जावयाने एकदा हौसेनं लाल दिव्याचा माऊस आणून दिला. भावजींनी तो ठेवून घेतला. पुढे मोरीची भिंत बांधायला गवंडी आला, त्याचा ओळंबा हरवला होता, तेव्हा हा माऊस वायरीने लोंबकळत भिंतीला लावलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. "बगा, उपयोगाला आला का न्हाय!" भिंत मात्र सरळ आली, खोटं कशाला बोलू.

पाटीला दसऱ्याला हळदकुंकू. भावजी जन्मभर लूमवर जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे, त्यामुळे यंत्राची पूजा अंगात मुरलेली. वर झेंडूचं फूल ठेवलं, पाणी शिंपडलं. बाण जो एका कोपऱ्यात जाऊन बसला तो दोन दिवस हलेना. पाटी गच्चीवर पापडांशेजारी वाळत घातली, तेव्हा सुधारली.

लूमवर असताना कापडावर नुसतं बोट फिरवून सांगायचे, धागा कुठं तुटलाय. "बोटाला सगलं कलतं, वयनी," हे पालुपद तेव्हापासूनचं. लूम भंगारात गेल्यावर म्हातारपणी कॉम्प्युटर शिकले आणि हळदीच्या पत्रिका बनवायला लागले.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि हळदीपेक्षा हळदीची पत्रिका मोठी. नवरदेव एका ओळीत उरकतो. बाकी सगळा कागद निमंत्रकांचा, आग्रहाच्या निमंत्रकांचा, काकांचा, मामांचा, मामांच्या शेजाऱ्यांचा. वर गॉगल घातलेले दोन पुढारी, ज्यांना मांडवात आल्यावर विचारावं लागतं, नवरा कुठला? आणि यातलं एक नाव सुटलं, की त्या घराशी बोलणं बंद.

नाव सुटू नये म्हणून भावजींकडे कुंदा होती. त्यांची बायको. वळ गावापासून कामतघरापर्यंत कोण कुणाची कोण, तिला तोंडपाठ. कच्ची पत्रिका बघूनच म्हणायची, "ह्याची धाकटी आत्या ऱ्हायली." दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आतल्या खोलीत पडद्याआड असते. कुणी बघायला गेलं की भिंतीकडे तोंड फिरवते, म्हणून आम्ही बायकांनी आत जाणंच सोडलं. बाहेरूनच विचारायचं, "बरी आहे ना?" भावजी म्हणणार, "बरी हाय," आणि लगेच पाटीचं पुराण सुरू. मला राग यायचा. बायको अंथरुणाला खिळलेली, आणि ह्यांना खेळणी सुचतायत!

माझ्या धाकट्याच्या हळदीची पत्रिका करायची म्हणून मी यादी घेऊन गेले. भावजींच्या कॉम्प्युटरचा पडदा कायम तिरका, आतल्या दाराकडे तोंड केलेला, आणि अक्षरं भोपळ्याएवढी. गिऱ्हाइकाची मान मोडायची वेळ. मी मोठ्याने नावं वाचतेय, भावजी दोन्ही हातांनी टाइप करतायत, आणि बाण आपला आपण हिंडतोय.

"पाटी कुठाय?" मी विचारलं.

"चार्जिंगला."

"मग बाण कोण फिरवतंय?"

"ते हवेतनं येतं, वयनी. तुम्ही वाचा."

माझी यादी संपली. बाण संथ चालत माझ्या दिरांच्या नावाखाली आला आणि तिथल्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरायला लागला. थांबेचना. मी यादी पदराखाली घेतली. त्या जागी यमुनाचं नाव हवं होतं. यमुना माझी नणंद. थोरल्याच्या लग्नात मानाची साडी फिकी निघाली म्हणून न जेवता मांडवातून निघून गेली होती. मी तिला मुद्दाम गाळली होती, आणि हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"पिसाळली तुमची पाटी!" मी म्हटलं. "माऊस लावा." आणि पिशवीतून काढलाच. मुलाने तो काम करतो त्या वळच्या गोडाऊनमधून जुना आणून दिला होता. मी वायर खुपसायला गेले, तर भावजींनी तिथे तळहातच ठेवला.

"नको, वयनी." आवाज एकदम खाली. "माऊस लावला का बान माझ्या हातात येल."

"मग येऊ दे की!"

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. दाराचा पडदा वीतभर सरकलेला होता. कुंदा उशीला टेकून बसली होती, नजर कॉम्प्युटरच्या तिरक्या पडद्यावर. मांडीवर पाटी. डाव्या हाताचं एक बोट तिच्यावर गोल गोल फिरत होतं.

"डॉक्टरनी दाबायला रबरी चेंडू दिलता," भावजी कुजबुजले. "तिनं फेकला. कायच करी ना. मंग मी ही पाटी आनली. दोन दिस तिच्यासमोर मुद्दाम बान भलतीकडं नेला नि बोललो, ग्रीसनं माझी बोटं राठ झाली, मला ही जमत न्हाय. तू न्हाय केलंस तर पत्रिका बंद. तवापासून तीच बगते सगलं. आता माऊस लावला तर तिला कलेल."

"काय कळेल?"

"का मला तिच्याबिगर जमतं."

मी माऊस पिशवीत टाकला. पिशवीला गाठ मारली. बाण अजून फिरतच होता.

"लिहा भावजी," मी मोठ्याने म्हटलं. "सौ. यमुना. दिरांच्या खाली."

त्यांनी लिहिलं. बाण थांबला. मग एकेका अक्षराखालून सावकाश गेला, सगळं बरोबर आहे ना ते बघत.

"पण काय हो हे!" मी आतपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले. "एवढे जॉबर तुम्ही, आणि एक पाटी जमत नाही? बोटांत राम नाही तुमच्या!"

"न्हाय जमत, वयनी!" भावजी त्याहून मोठ्याने. "मेलो तरी न्हाय जमायची!"

बाणाने एक झोकदार गिरकी घेतली. आतून घोगरा आवाज आला. कुंदा हसली की अशीच घोगरी हसायची. मी विसरूनच गेले होते.

भावजी उठून ओट्याशी गेले. माऊस माझ्या पिशवीत होता, तरी त्या दिवशी चहा मिळाला.